सराफ गल्लीची माती

मी जळगाव सोडलं त्या सकाळी आईने आधी मला घमेल्यात उभं केलं. धुळ्याला लॉ कॉलेजात निघालेली मुलगी, अंगात नवा ड्रेस, दारात रिक्षा. आणि आई माझे तळपाय चोळून धुतेय, चपला उलट्या करून ब्रश मारतेय. "घरनं सोनं घरमाच ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. रिक्षावाला हसला. हसू दे.

आम्ही झारेकरी. सोनाराच्या कानशीतून उडालेला कण गल्लीच्या धुळीत पडतो. ती धूळ झाडायची, गटारीतला गाळ उपसायचा, तळाशी चमक दिसेपर्यंत घमेल्यात धूत राहायचं. म्हणून गल्लीबाहेर जाणाऱ्याचे पायसुद्धा आमच्याकडे धुतात.

जळगावला सोन्याचं गाव म्हणतात. इतिहास सांगायला माईक धरणारे सांगतात, राजस्थानातून शेठ आले, पेढ्या उघडल्या, मागून कारागीर आले. खरं आहे. पण दोंडाईच्याहून माझे आजोबा डोक्यावर घमेलं घेऊन रेल्वेतून उतरले, हे कुठल्याच भाषणात नाही. सोन्याच्या मागे सगळेच आले. वाकले फक्त आम्ही.

गेल्या उन्हाळ्यात गल्ली खोदून काँक्रीट करायचं ठरलं. जुनी लादी उखडली की खालची माती झारेकऱ्याची, हा सराफ्याचा रिवाज. कित्येक वर्षांचं सांडलेलं सोनं त्या मातीत, आणि ती भरून न्यायला ठेकेदाराचे ट्रॅक्टर हजर. दुकानदारांचा एक तरुण पुढारी म्हणाला, गटारी उपसणाऱ्या बायकांमुळे मार्केटची इमेज खराब होते. गाळातलं सोनं वेगळं करताना ॲसिडने भाजलेली माझ्या आईची बोटं त्याच्या इमेजमध्ये बसत नव्हती. मी धुळ्याहून पत्रकं छापून नेली. आई पत्रक हातात न घेता सरळ उखडलेल्या मातीच्या ढिगावर जाऊन बसली, तिच्यामागे गल्ली झाडणाऱ्या साऱ्या मावश्या. माती तापलेली होती. माझी पत्रकं शेवटी बुडाखाली घ्यायला कामी आली.

हक्क कशावरून सांगता, पुढाऱ्याने विचारलं.

"तुम्ही सांडं, आम्ही येचं," आई म्हणाली. "इतलंच शे."

समोरच्या पेढीतले म्हातारे आबा सगळं ऐकत होते. त्यांनी खुर्ची बाहेर मागवली, ती ढिगाला लावून टाकली आणि बसले. "माझ्या बापाने लादी उखडली, तेव्हा हिच्या सासऱ्याला हाक मारली होती," ते पुढाऱ्याला म्हणाले. "तू कोण रे नवा?"

संध्याकाळी तेच ट्रॅक्टर आमच्या वस्तीसमोर रिकामे झाले.

सराफ्यातल्या मावश्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून सुरत-पुण्याला गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय. कुणी विचारलं, तुमचे लोक काय करतात, तर इकडेतिकडे बघू नका. गावाने सांडलेलं सोनं आम्ही गावाला परत देतो, असं सांगा. मोठ्याने सांगा.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला परत निघाले; कॉलेजकडून कोर्टात शिकाऊ म्हणून हजर व्हायचं होतं. सवयीने चपला काढल्या आणि घमेल्यापाशी गेले. आदला दिवसभर त्या ढिगावर बसल्याने पाय घोट्यापर्यंत मातीचे होते; रात्री माती आत ओढता ओढता धुवायचे राहिले होते. आईने एकदा पायांकडे बघितलं आणि घमेलं बाजूला सरकवलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "ते तुनं शे."

माझी माती घेऊन मी तशीच एसटीत बसले. कोर्टाच्या पायऱ्या त्याच पायांनी चढले.