आवडेल ते द्या

अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर चपला सांभाळणारी एक मावशी बसते. तिचा दर ठरलेला नाही. 'खुशीनं द्या' म्हणते आणि हातावर काय पडलं ते न बघता डब्यात टाकते.

आमच्या बँडनं पहिला अल्बम तसाच नेटवर ठेवला होता. डाउनलोड करा, आवडेल ते द्या. एमआयडीसीतल्या शिफ्ट सांभाळून आम्ही चौघांनी दोन वर्षं घासून ती गाणी केली होती. आता लोक आपली लायकी ठरवणार, या धास्तीनं मला तीन दिवस अल्बमचं ते पान उघडवलं नव्हतं. रोज मंदिरात जायचो आणि चपला काढताना मावशीचा शांत चेहरा बघत राहायचो.

शेवटी एकदा दर्शन करून बाहेर आल्यावर विचारलंच, "मावशी, कुणी काहीच नाय दिलं तर? भीती नाय वाटत?"

"त्याची कसली भीती?" कोपऱ्यातला निळ्या चपलांचा जोड तिनं फडक्यानं पुसला. "या चपला ठेवून एक माणूस आत गेला, तो परत आलाच नाय. दोन महिने झाले. भीती त्याची वाटते, बाबा."

तिथंच उभ्या उभ्या मी फोन उघडला. पैसे बऱ्यापैकी आले होते. गाणी ऐकून परत त्या पानावर दोन शब्द लिहायला मात्र एकही माणूस आला नव्हता.

मावशीच्या फडक्याकडे न बघता मी घाईघाईनं चपला पायांत सरकवल्या.