सोबत कोण?

वेवजी गावच्या नेत्रतपासणी केंद्रात सोमीबाईने माझ्या मुलीला जवळजवळ फसवलंच होतं.

माझी निशिगंधा तिथे यंत्राने डोळ्यांचे फोटो काढते आणि शहरातले डॉक्टर ते बघून पडद्यावरून पेशंटशी बोलतात. सोमीबाई पाड्यावर एकटीच राहते, मजुरीला जाते. मुलगा उमेश वापीला कारखान्यात आहे. त्याआधी नजर तपासायच्या तक्त्यावरच्या खुणांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं असतं. सोमीबाईने सगळी धडाधड दाखवली. निशिगंधाला शंका आली, तिने तक्ता उलटा टांगला. सोमीबाईचा हात मात्र पहिल्यासारखाच फिरत राहिला. रांगेत पुढच्यांचे हात बघून तिने पाठ केलं होतं!

"मावशी, हे काय?"

"लय हुशार हाय गं तू," म्हणून ती हसली.

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. उशीर केलात तर नजर जाईल. गुरुवारी गाडी येईल. सोबत कोण?"

ऑपरेशनची तिला भीती नव्हती. नको होता तो हा प्रश्न. "मागल्या साली पन हेच इचारलं," ती निशिगंधाला म्हणाली. "कोनाचं नाव सांगू?" शेवटी तिने उमेशचं सांगितलं. निशिगंधाने त्याला फोन केला. "सुट्टी मिळाली तर बघतो," तो म्हणाला.

निशिगंधाला केंद्र सोडता येईना, म्हणून गुरुवारी मी गेले. सोमीबाई रस्त्यावर उभी होती. पिशवीत चार भाकरी, त्यातल्या दोन उमेशच्या.

"आजी, बसा आता! वरात यायचीय का?" ड्रायव्हर ओरडला.

"पोरगा येतोय मागून."

गाडी सुटली तरी ती मागच्या काचेकडे तोंड करून बसली होती. हॉस्पिटलच्या अर्जावर नात्याचा रकाना होता. काय लिहू, मी विचारलं.

"शेजारीन लिव."

आम्ही त्या सकाळीच पहिल्यांदा भेटलो होतो. परतताना दोन भाकरी तशाच होत्या.

आठवड्याने डॉक्टर पडद्यावरून म्हणाले, "हा डोळा छान झालाय. आता दुसरा करू. सोबत कोण?"

"ह्यो डोला हाय ना," सोमीबाई म्हणाली.

निशिगंधा हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

"मग नाव कोणाचं लिहिलंस?"

"तुझंच," ती म्हणाली.