एक चुणी राहिली

माझी नात जालन्याच्या कॉलेजात कपडे शिवायची डिग्री करून राह्यली. शिवणाचीही डिग्री असते, हे आमच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी शिकले ते शेजारणीच्या मशीनवर, जुने ब्लाउज उसवून उसवून.

हिची परीक्षाही निराळीच. वर्षभर जे शिवलं त्याचे फोटो, व्हिडिओ मोबाइलवरून कॉलेजात पाठवायचे. कुठं चुकलं, कसं सुधारलं, तेही लिहायचं. पोर्टफोलिओ म्हणतात त्याला, मॅडम त्यावरूनच मार्क देतात. पोरीला ते बरं वाटलं. कोणी समोर बसलं की तिचा हात थरथरायचा. मागच्या खेपेला प्रॅक्टिकल त्यातच गेलं.

शेवटचं काम म्हणजे माझ्याच मापाचा ब्लाउज. बाही जोडली अन् खांद्यावर चुण्याच चुण्या. तिनं फोटो काढला. म्हणाली, "राजूरला गणपतीचं दर्शन घेऊन येते, मंग उसवते."

ती गेली अन् मला बसवेना. पोरीचे मार्क जातील, दुसरं काय डोक्यात! ब्लेड घेतलं, बाही उसवली, जोडून टाकली. एक चुणी न्हाई.

ती आल्यावर ब्लाउज हातात घेऊन खाटेवर बसलीच.

"आजी, हे कोणी केलं?"

"मी. बघ, कशी बसली!"

"अगं, सुधारतानाचाच व्हिडिओ द्यायचाय. उद्या शेवटचा दिवस."

"मंग ह्याचाच फोटो टाक. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना." डोळे भरले तिचे. "शाळेतला रुमालही तूच भरून दिल्ता. बक्षीस मला मिळालं."

ते बक्षीस अजून आमच्या कपाटात आहे.

नीट बसलेली शिवण मी जन्मात उसवली नव्हती. ती उसवली. धागे वेचले अन् ब्लाउज तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं मोबाइल शिवणाच्या डब्याला टेकवला. मी समोर बसले, दोन्ही हात पदराखाली घेऊन. न जाणो, पुढं जायचे.

"आधी कच्चा टाका घाल. हां. आता दोरा ओढ, हळू... जल्दी नको!"

"आजी, तुझा आवाज येतोय त्यात."

"येऊ दे. हात तर न्हाई ना येत?"

ती खुदकन हसली अन् मशीन चालू केलं. मी एवढी समोर बसलेली, तरी तिचा हात बिलकुल थरथरला नाही.

बाही झाली. मागच्या बाजूला एक बारीक चुणी राहिली. मला दिसली, तिलाही दिसली. तिनं त्या चुणीचाही फोटो काढला आणि खाली लिहिलेलं मला वाचून दाखवलं: मधे एकदा आजीनं शिवली होती, ती उसवली. आता आजीनं सांगितलं, मी शिवली. एक चुणी राहिली.

पास झाली पोरगी. तो ब्लाउज घातला की माझा हात आपोआप खांद्यामागं जातो, चुणी चाचपतो. ब्लेड डब्यातच आहे. राहू दे तिथंच.