फेटा नको म्हणणारे सांडूभाऊ

सांडूभाऊ म्हणजे आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीतला सगळ्यात भला आणि सगळ्यात निरुपयोगी माणूस. निरुपयोगी हे मी चिडून म्हणतो, कारण मी त्यांचा शेजारी आहे आणि त्यांची झोप मलाच निस्तरावी लागते. न्हाव्याच्या खुर्चीत झोपायचे, जाधववाडीच्या बाजारात हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या गलक्यात उभ्या उभ्या झोपायचे. एकदा एका मयतीला माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. गेलेला माणूस त्यांच्या ओळखीचाही नव्हता.

घरातलं काही ठरवायचं असलं की त्यांच्या बायकोची, साळूबाईंची, हाक ठरलेली. "भाऊजी, तुम्हीच बोला. हे कुठं जागे हायेत?"

अशात तनुजाचं लग्न जमत आलं. तनुजा ही त्यांची एकुलती एक मुलगी, बिडकीनच्या एका कंपनीत मशीनवर लागली आणि हिमतीनं सुपरवायझर झाली. लासूर स्टेशनचा सुदर्शन तिला पसंत होता, त्यालाही ती पसंत होती. पण त्याचे चुलते काकासाहेब म्हणत होते, लग्नानंतर नोकरी बंद. आता जे काय ठरायचं ते बैठकीत, वडीलधाऱ्यांसमोर.

"बापू, माझ्या नोकरीचं तुम्हीच बोला," तनुजा म्हणाली. "शेजारच्या काकांचं तिथं कोण ऐकणार? आन् तुम्ही झोपलात तर माझी नोकरी गेली."

सांडूभाऊ जन्मात पहिल्यांदा झोपेला घाबरले. मला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टर मृण्मयी मॅडमनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हा आळस नाही, आजार आहे, नार्कोलेप्सी. हे ऐकून ते इतके खूश झाले की लगेच झोपले. त्याच दवाखान्यात जागं ठेवणाऱ्या गोळीचा अभ्यास चालू होता. गोळीआधी आणि गोळीनंतर मेंदूतलं रक्त कुठं कसं वाहतं, त्याचे फोटो काढायचे. सांडूभाऊंनी सही केली. पहिल्या फोटोच्या वेळी मशीन ठणाणा करत होतं तरी आत घोरले. दुसऱ्या वेळी गोळी घेऊन गेले आणि आतूनच विचारत राहिले, "मॅडम, झालं का?"

मॅडमनी मग दोन्ही फोटो समोर धरले. "सगळीकडे रक्त वाढत नाही हं. कपाळामागच्या काही भागांत थोडं वाढलेलं दिसतं, काही ठिकाणी थोडं कमी. असं का होतं, ते आम्हीही अजून शिकतोय."

"म्हंजी दारं धरायचं काम!" सांडूभाऊ मूळचे देवगाव रंगारीचे शेतकरी. "मक्याचं दारं बंद करून पाणी कांद्याकडं फिरवायचं. व्हय ना?"

मॅडम हसल्या आणि "तसंच काहीसं" म्हणाल्या. तिथंच घोळ झाला.

बैठकीच्या दिवशी सकाळी सांगितल्याप्रमाणे गोळी घेऊन सांडूभाऊ माझ्यासोबत लासूर स्टेशनला निघाले. काकासाहेबांच्या घरी मंडळी जमलेली. मानाप्रमाणे पाहुण्यांना फेटे बांधायला सुरुवात झाली. बांधणारा सांडूभाऊंच्या डोक्याशी आला तसे हे मागं सरकले.

"फेटा नगं. कपाळ आवळलं तर रक्ताचं दारं बंद व्हईल."

बैठक गार पडली. बैठकीत फेटा नाकारणं म्हणजे सोयरीक नाकारणं. काकासाहेबांच्या मिशा थरथरल्या. मी कपाळाला हात लावला. सांडूभाऊंना मात्र रागाबिगाचं काही कळेना. त्यांनी मेंदू, कांदा, मका सगळं सविस्तर सांगितलं आणि वर तोडगाही काढला. "मान तर मला पायजेच. असं करा, कमरंला बांधा. तिथं आज काय काम नाय."

आणि खरंच बांधला! कमरेला भगवा फेटा, तुरा पोटावर. सुदर्शनची आई दगडाबाई पदरात तोंड घालून आत पळाली.

"पोरीनं नोकरी सोडावी," काकासाहेबांनी विषय काढला.

"नाय," सांडूभाऊ म्हणाले. "ती नोकरी करणार. मंजूर आसंल तर सोयरीक, नायतर राम राम."

काकासाहेब माझ्याकडं बघून गालात हसले. सांडूभाऊंची झोप लासूरपर्यंत माहीत होती; ते पेंगले की आपलंच चालणार, असा त्यांचा हिशोब. "घाई कशाला? चहा घेऊ," म्हणाले. चहा झाला. पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. मग जेवणं. ताटात मुद्दाम पुरणपोळी, वर तुपाची धार, नंतर टेकायला तक्के. मी तर तक्क्याला टेकताच पेंगलो. सांडूभाऊ मांडी घालून ताठ, आणि प्रत्येकाला विचारतायत, "मग नोकरीचं काय ठरलं?"

दुपार कलली. शेवटी दगडाबाई बाहेर येऊन दिरावर कडाडली. "किती चहा करू भाऊजी? ह्यो माणूस काय आज झोपत नाय. करू द्या पोरीला नोकरी! माझ्या पोराची बी तीच विच्छा हाय."

काकासाहेबांनी हात जोडले. सुपारी फुटली.

बाहेर येऊन सांडूभाऊंनी तनुजाला फोन लावला. ती कंपनीतच होती.

"बापू, काय झालं?"

"नोकरी चालू ऱ्हाणार."

"खरं? आपल्याकडून कोण बोललं? काका?"

"मीच की."

 पलीकडं पोरगी हमसून हमसून रडायला लागली. सांडूभाऊंनी फोन माझ्या हातात दिला आणि कमरेच्या फेट्याचं टोक ओढून डोळ्यांना लावलं.