मांडवावर केळी असताना

मी वसईतलं आपलं गिरीज सोडलं तेव्हा बाबा मला स्टेशनवर सोडायला आले नाहीत. का? मांडवावर केळी होती म्हणून! वाडीतल्या तुम्हाला सांगायला नको, पण आखातात गेलेली आपली पोरं विसरली असतील, त्यांच्यासाठी सांगते. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घालायची, रोज उलटायची, संध्याकाळी सुक्या पानांत झाकायची, तेव्हा कुठे त्यांची सुकेळी होते. आणि आमच्या घरचा नियम असा, की ज्याने केळी घातली त्याने ती उचलेपर्यंत वाडी सोडायची नाही. लग्न असो, मयत असो, नाही म्हणजे नाही.

बाबा कुंपणापर्यंत आले. अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढला. अंगठा केळ्यांनी चिकट झालेला. "जा. नीट राहा," एवढंच म्हणाले आणि वळून मांडवाकडे गेले. आय पापडीच्या नाक्यापर्यंत डोळे पुसत आली. मी मात्र रडले नाही, संतापले होते. लेक सातासमुद्रापार नर्स म्हणून चाललीय आणि ह्यांना केळ्यांची पडलीय! बैरूतला पोचेपर्यंत कपाळ चिकट लागत होतं, किंवा मला तसं वाटत होतं.

बैरूतबद्दल तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल. एकाच शहराचे दोन तुकडे, मधून रेघ, रेघेच्या अलीकडचे पलीकडच्यांवर गोळ्या झाडतात. त्यांना आवरायला चार देशांच्या फौजा आल्या होत्या. आमच्या हॉस्पिटलच्या कोपऱ्यावरच त्यांची चौकी होती, वाळूच्या पोत्यांची. आता सगळं ठीक होईल, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे. सकाळी ड्यूटीला जाताना पोत्यांमागचा एक दाढीवाला शिपाई हात हलवायचा. त्याच्या आईलाही माझ्या आयसारखीच काळजी असणार, असं मनात यायचं.

चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला बातमी आली, फौजा निघाल्या. ज्यांचं भांडण मिटवायला आले ते अजून भांडतायत, आणि हे आपले ट्रक भरतायत! हेडनर्स सल्मा आम्हा परदेशी बायकांना म्हणाली, "बंदरात जहाजं उभी आहेत. ज्यांना जायचंय त्यांनी फौजांबरोबर निघा. कोणी नावं ठेवणार नाही." फिलिपिनी मुलींनी त्याच दुपारी बॅगा भरल्या. त्यांना मी दोष देत नाही, प्रत्येकीची घरची वाट वेगळी.

पण माझ्या वॉर्डात पाय तुटलेली माणसं होती. रेघेच्या अलीकडची आणि पलीकडचीसुद्धा, एकमेकांशेजारच्या खाटांवर. त्यांना कुठलं जहाज नेणार होतं? चौकीवरचा दाढीवाला म्हणाला, "सिस्टर, चल. तूही आमच्यासारखीच परकी आहेस." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाबा रे, मी ह्यांची ड्रेसिंगं बदलते, ह्यांच्या शिव्या खाते, ह्यांच्याच भाषेत उलट शिव्या देते. परकी कसली? तू जा, देव तुझं भलं करो."

आणि मग मी काय केलं माहीत आहे? बाजारात गेले. दक्षिणेकडच्या सैदा गावची केळी मिळतात तिथे, आखूड पण गोड. टोपलीभर आणली. केळी ज्यांत बांधून येतात ती सुकी पानंही दुकानदाराकडून मागून घेतली. हॉस्पिटलच्या गच्चीवर जुन्या खाटा टाकल्या, त्यांवर चटया, आणि केळी सोलून एकेक मांडली. सल्मा कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "मार्था, हे काय?" मी म्हटलं, "हा माझा जबाब. ही उचलेपर्यंत मी कुठे जात नाही. आमच्या घरचा नियम आहे." ती म्हणाली, "तुमचं घर वेडं दिसतंय." म्हटलं, "आहेच!"

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलचा फोन नशिबाने चालू होता. गावच्या फादरांच्या बंगल्यावर फोन लावला, आय-बाबांना बोलावून आणेपर्यंत धरून ठेवला. आय ओरडत होती, "ये गं पोरी, आताच्या आता ये!" मी काहीतरी समजावत राहिले. मग बाबांनी फोन घेतला.

मी म्हटलं, "बाबा, मांडवावर केळी घातलीत."

खरखरीतून बाबांचा आवाज आला. "मग उचल आणि ये. मधेच सोडू नको." तेव्हा रडले. स्टेशनवर न आलेल्या बाबांवरचा इतक्या वर्षांचा राग एका क्षणात खलास झाला.

आता हसा. तिसऱ्या दिवशी पाऊस आला! हिवाळाभर तिथे पडतच होता, मग चार दिवस ऊन पडलं आणि मी समजले, संपला. आपल्याकडे आभाळ एकदा उघडलं की जूनपर्यंत उघडं. वसईचं डोकं दुसरं काय समजणार? मी आणि सल्मा, दोघी भिजत चटया उचलून धावलो. खालच्या पाववाल्याने भट्टी विझल्यावर आत जागा दिली. केळ्यांना धुराचा वास लागला. खिडकीबाहेर शेवटचे ट्रक बंदराकडे चालले होते, आणि मी भट्टीपुढे बसून केळी उलटत होते.

ती सुकेळी काळपट झाली, आपल्या बाजारात कोणी हात लावला नसता. वॉर्डात वाटली. अलीकडचे आणि पलीकडचे दोघेही म्हणाले, भयंकर आहे, अजून दे.

त्या वर्षी मी केळी उचलली आणि गेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात परत घातली, आता ऋतू ओळखून. वॉर्डातली निम्मी माणसं बदललीत, भांडण चालूच आहे. नातेवाईक विचारतात, घरी कधी येणार? अरे, गिरीज माझं घर आहेच, कोण नाही म्हणतं? पण ज्या जागेवरून माझा पाय निघत नाही, तिलाही मी घरच म्हणणार. कुणाला राग येवो. बाबांना विचारा, ते सांगतील.

आणि बाबांना एवढंच सांगा, मांडव अजून भरलेला आहे.