शालूमावशीचे भाताचे गोळे

राई गावात कुणाच्या घशात माशाचा काटा अडकला, की तो दवाखान्यात जात नसे. शालूमावशीच्या अंगणात येई. मावशी सुक्या भाताचा गोळा वळायची, "चावू नको, गिल," म्हणून दरडावायची आणि काटा मुकाट खाली उतरायचा. मावशीला या कामाचा भारी तोरा होता आणि तो तिला शोभायचाही.

नव्वदच्या सुमारास गावाच्या कडेच्या शेतांत बिल्डिंगी उठल्या आणि गिरगावातून शुभदाताई राहायला आल्या. त्यांचा पॉमेरियन जिमी एकदा मान ताणून ठसकू लागला. ताईंनी त्याला उचलून थेट मावशीकडे आणलं.

"बोइट मासलीचा काटा हाय," मावशीने बघताक्षणी निकाल दिला.

जिमीने गोळे मटकावले, खोकला मात्र तसाच. मग गावातली कुत्रीही ठसकू लागली. "यंदा मासलीच काटेरी," म्हणत मावशी सगळ्यांना एकाच परातीत भात घालू लागली. कुत्र्यांची चंगळ झाली.

आणि एके दुपारी तिचा स्वतःचा कुत्रा टिप्या ठसकला. म्हातारा, बोळका टिप्या. त्याला मावशी स्वतः काटे काढून, मासळी कुस्करून भरवायची. "याला काटा आला कुठनं?" तिने त्याला जवळ ओढलं. टिप्याचं अंग तापलेलं, भाताकडे तो बघेना. घरात तिला बोलायला तेवढा एकच जीव होता. ती फार घाबरली.

भाईंदरच्या गुरांच्या डॉक्टरांनी टिप्याची छाती तपासली. "मावशी, हा जंतूंचा खोकला. एकाचा दुसऱ्याला लागतो. एका भांड्यात खाल्लं की पसरलाच."

मावशीला परात आठवली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. टिप्याला वेगळा ठेवा, गळा दाबणारा पट्टा काढा, धडधाकट कुत्र्यांना लस टोचून घ्या, असं बजावलं.

टिप्याला घरात निजवून मावशी त्याच संध्याकाळी दारोदार फिरली. "काटा न्हाय, रोग हाय. माजंच चुकलं. कुत्री बांधून ठेवा, डाक्तरला दाखवा."

"म्हंजे तुजा गोला फसला?" शेजारच्या दाजीला हसू आवरेना.

"फसला रं. हस मेल्या, पन आदी कुत्रा बांध."

दाजीने हसत हसत कुत्रा बांधला. मावशी पुढच्या दाराकडे वळली.

टिप्या बरेच दिवस नुसता पडून होता. मग एका सकाळी दाजी अंगणातून चालला असताना तो आतून उठून आला आणि एकदाही न ठसकता त्याच्यावर खणखणीत भुंकला. दाजी उडालाच. मावशी उंबऱ्यावर बसून रडत होती आणि हसतही होती.

"भुंक रं माज्या राजा," ती म्हणाली, "अजून भुंक त्याच्यावर!"