बाबा, चिनी सिरियल आणि आमचा साडेतीन वर्षांचा अबोला

काल सकाळी बाबा गेले आणि मला सुटल्यासारखं वाटतंय.

थांबा. शिव्या घालण्याआधी पूर्ण वाचा.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर अर्जुनी मोरगावला एकटेच राहायचे. आई माझ्या कॉलेजच्या दिवसांतच गेली.

मी पोवार जातीतल्या मुलाशी लग्न केलं. आम्ही बौद्ध. बाबा म्हणाले, “तुह्या मनानं चालली ना? मग मले विचारू नको.”

आणि बोलणं बंद. साडेतीन वर्षं.

मग एका रविवारी अचानक फोन.

ना जयभीम, ना कशी आहेस.

“तुले इंग्रजी वाचता येते ना?”

मी गोंदियात इंग्रजीच शिकवते हो! पण तोंडातून नुसतं “हो” निघालं.

झालं असं होतं, की बाबांनी मोबाईलच्या दुकानातून पेन ड्राइव्हमध्ये चिनी मारामारीचे पिक्चर भरून मागितले. दुकानदारानं भरून दिली चिनी लव्ह स्टोरी. तलवारी होत्या, माणसं उडत होती, म्हणून बाबा पाहत बसले. आणि अडकले.

“पोरगी मरते, मंग जित्ती होते, मंग लग्नाआधीच पोरगं होते. खाली इंग्रजीत काहीतरी लिहून राहिले. मले समजून नाही राहिलं.”

मला एका मिनिटात कळलं. एपिसोड उलटसुलट लागत होते. एकनंतर थेट दहा, मग अकरा. फोनवरच सांगता आलं असतं.

नाही सांगितलं. म्हटलं, “बाबा, हे सोबत बसून पाहावं लागेल.”

पुढच्या रविवारी बाबा आमच्या घरी, गोंदियाजवळच्या नागऱ्याला हजर. एसटीनंच. रेल्वेत बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

सोबत स्वतःचा डबा. स्वतःची पाण्याची बाटली.

“भांडण मिटलं नाही आपलं,” बसतानाच सांगून टाकलं.

मग दर रविवारी तेच. मी खालचं इंग्रजी वाचून मराठीत सांगायची आणि बाबा कॉमेंट करायचे.

“वीस भाग झाले, यानं हात नाही पकडला अजून!”

“आपल्या धम्मात आत्मा नाही, आणि हे पोरगी तिसऱ्यांदा जन्मली.” असं म्हणायचे आणि गमछ्यानं डोळे पुसायचे.

त्यात काय होतं असं? मला वाटतं, त्यात कोणाला घाईच नव्हती. माणसं हजार हजार वर्षं रुसून बसायची आणि तरी परत यायची. त्यापुढे आमची साडेतीन वर्षं म्हणजे काय!

एकदा त्या स्वर्गाच्या राजानं मुलीची सगळी शक्ती काढून घेतली, कारण तिचं शत्रूच्या सेनापतीवर प्रेम. मी चिडले. बाबा राजाच्या बाजूनं.

“त्याले भेव असन. तिकडचे लोक आपल्या पोरीले कसे वागवतीन, कोणाले ठाऊक? बापानं बोलायचं नाही का?”

“बोलायचं ना! हा बोललाच कुठे? दार लावून बसला.”

बाबा टीव्हीकडेच बघत म्हणाले,

“तुले कसे वागवतेत?”

“चांगलं वागवतात.”

“खरं सांग.”

खरं सांगितलं. सासूबाईंनी तीन महिने माझा पेला वेगळा ठेवला होता. मग एक दिवस सासऱ्यांनी सगळ्यांसमोर त्याच पेल्यात पाणी घेतलं आणि घटाघटा प्यायले. त्यानंतर वेगळा पेला दिसला नाही.

सिरियल चालूच होती. बाबांनी ती थांबवली.

“चहा मांड,” म्हणाले.

त्या दिवशी मी भरपूर रडले आणि रडता रडता एपिसोडच्या घोळाचंही कबूल केलं.

बाबा मिशीत हसले. “तीस वर्षं गाडी चालवली. नंबर वाचता येत नाही का मले? पहिल्याच दिवशी समजलं होतं.”

“मग फोन कायले केला?”

“असाच.”

त्यानंतर अडीच वर्षं मिळाली आम्हाला. शेवटचे दोन महिने ते माझ्याच घरी होते. काल झोपेतच गेले. आम्ही दोघं हट्टी. ते न बोलताच गेले असते, तर मी जन्मभर स्वतःला खात बसले असते. म्हणून सुटल्यासारखं वाटतंय.

अर्जुनीला नेलं. पहिला खांदा माझ्या सासऱ्यांनी दिला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. आमचे नातेवाईक बघत होते.

त्रिशरण सुरू होण्याआधी सासरे हळूच माझ्याजवळ आले. “मले शब्द येत नाही, बेटा. तू म्हण, मी तुह्या मागं म्हणतो.”

मी म्हणत गेले. ते मागोमाग म्हणत गेले, हात जोडून, दोन ठिकाणी चुकत.

बाबा, आता माझी काळजी नको. निवांत पडा.

जयभीम.